शाळा जेव्हा अंगणात आली

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत यंदा इतिहासावर काही लिहावे, असे आपल्या कार्यवाह बाईंनी सुचविले. इतिहास म्हटला की गड, लढाया आणि राजेरजवाडे डोळ्यांसमोर येतात. त्यांविषयी लिहिण्याइतका माझा अभ्यास नाही. परंतु आपणा बायकांच्या रोजच्या बोलण्यात एक शब्द असा आहे की त्याच्या पोटात मोठा इतिहास आहे. तो शब्द म्हणजे 'अंगणवाडी'. गावठाणातल्या, झोपडवस्तीतल्या अंगणवाडीत मुले जातात, बाळंतिणींच्या नावाची नोंद तेथे होते, तेथील सेविकाताईंना सगळी वस्ती ओळखते. पण हा शब्द कोठून आला हे आपल्यापैकी किती जणींस ठाऊक असेल? तो दिल्लीच्या कचेरीत तयार झालेला नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यातील समुद्रकाठच्या एका गावी, दोन बायकांच्या कामातून तो जन्मास आला.

येथे थोडा भूगोल सांगितला पाहिजे. आज आपण नवी मुंबईकर म्हणवतो. परंतु सिडकोची स्थापना झाली ती १७ मार्च १९७० रोजी. त्यापूर्वी घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, वाशी, नेरूळ, बेलापूर ही ठाणे तालुक्यातील साधी खेडी होती. आगरी-कोळी मंडळी भातशेती करीत, मिठागरावर राबत, खाडीत मासेमारी करीत. त्याच ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला डहाणूचा भाग होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला आणि डहाणू तिकडे गेले. पण ज्या काळाची ही हकीगत आहे त्या काळी आपली खेडी आणि डहाणूकडचे आदिवासी पाडे एकाच जिल्ह्यात मोडत होते.

त्या वेळी खेड्यातील शाळांचा कारभार लोकल बोर्ड पाहत असे. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांच्या हाती आले. १९४७ साली मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. आपल्या भागात १ जानेवारी १९९२ रोजी महानगरपालिका झाली आणि पुढे गावांतील शाळा तिच्याकडे आल्या. म्हणजे शाळेच्या दारावरची पाटी तीन-चार वेळा बदलली. प्रत्येक वेळी कायदा चांगल्या हेतूनेच झाला. परंतु पाटी बदलली म्हणून मूल आपोआप शाळेत येऊन बसत नाही. १९५१ च्या शिरगणतीत आपल्या देशात शंभर बायकांमध्ये नऊ जणीसुद्धा साक्षर नव्हत्या. खेड्यात तर एक खोली, एक मास्तर आणि चार इयत्ता अशी शाळा असे, आणि हजेरीपटावर नाव असलेली कितीतरी पोरे प्रत्यक्षात रानात असत.

का बरे येत नसत? बाहेरचा मनुष्य म्हणे, अडाणी आईबापांना शिक्षणाची गोडी नाही. पण आपणा बायकांना खरे कारण विचारून पाहा. आई पहाटे भात लावायला किंवा मजुरीला गेली की तान्हे मूल कोणी सांभाळायचे? सात वर्षांची थोरली मुलगी. गुरे कोणी राखायची? आठ वर्षांचा मुलगा. त्या मुलीच्या कडेवर भाऊ आणि त्या मुलाच्या हाती काठी. पाटी धरायला हात मोकळा कोठे होता? माझे स्वतःचे शिक्षण सातवीवर थांबले तेही घरात धाकटी भावंडे होती म्हणून. तेव्हा ह्या गोष्टीतले मर्म मला कोणी वेगळे समजावून सांगावे लागले नाही, आणि मंडळातल्या पुष्कळ भगिनींनाही ते लागणार नाही.

डहाणूकडे तर ह्याहून कठीण स्थिती होती. वारली लोक सावकार-जमीनदारांच्या वेठीत होते. लग्नासाठी कर्ज काढावे आणि नवराबायकोंनी ते फेडण्यासाठी वर्षानुवर्षे त्याच्या घरी राबावे, अशा माणसांना 'लग्नगडी' म्हणत. १९४५ साली ह्याविरुद्ध वारल्यांचा मोठा उठाव झाला. गोदावरीबाई परुळेकर ह्या त्याच्या पुढारी होत्या, आणि त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात ती सारी हकीगत लिहून ठेवली आहे. बाप वेठीला, आई वेठीला, तेथे पोराच्या शाळेचे कोण पाहणार!

नेमक्या त्याच १९४५ सालच्या डिसेंबर महिन्यात बोर्डी ह्या गावी श्रीमती ताराबाई मोडक यांनी 'ग्राम बाल शिक्षा केंद्र' सुरू केले.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा. त्या काळी बी. ए. झालेल्या स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. ताराबाई त्यांतल्या एक. गुजराथेत भावनगर येथे गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ होते. वकिली सोडून त्यांनी लहान मुलांचे बालमंदिर काढले होते. ताराबाई तेथे जाऊन त्यांच्या कामात सामील झाल्या. मूल म्हणजे मोकळे मडके नव्हे की त्यात आपण ओतावे. त्याला मारून-झोडून नव्हे तर खेळातून, हातांनी करून शिकू द्यावे, ही त्यांची शिकवण. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईस दादरला शिशुविहार सुरू केला. त्याचा लौकिक मोठा झाला. दादरसारख्या वस्तीत शिकलेल्या आईबापांची मुले, स्वच्छ कपडे, नीटनेटकी साधने. त्यांनी तेथेच आयुष्य काढले असते तरी कोणी नावे ठेवली नसती.

परंतु एक गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली. ज्या माँटेसोरीबाईंच्या पद्धतीवर हे बालशिक्षण उभे होते, त्या इटलीतल्या बाईंनी आपली पहिली शाळा १९०७ साली रोम शहरातील सॅन लोरेन्झो ह्या गरीब वस्तीत काढली होती. आईबाप कामावर गेले की मागे राहणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी ती होती. तीच पद्धत आपल्या देशात आली ती मात्र सुखवस्तू घरांत शिरली. तिची गुळगुळीत लाकडी साधने इतकी महाग की खेड्यातल्या शाळेने ती नुसती चित्रात पाहावीत. गरिबांच्या मुलांसाठी निघालेली गोष्ट पुन्हा गरिबांच्या मुलांकडे नेली पाहिजे, ह्या विचाराने ताराबाई वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी शहर सोडून बोर्डीस गेल्या.

ह्याच वेळी त्यांना अनुताई वाघ भेटल्या. अनुताईंची हकीगत ऐकली म्हणजे मन भरून येते. जन्म १७ मार्च १९१०, पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांतच कपाळाचे कुंकू पुसले गेले. त्या काळी अशा मुलीची वाट म्हणजे घरातला कोपरा. पण अनुताई शिकल्या. व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे तेव्हाची सातवी. ती झाली की मास्तरकी मिळे. ती परीक्षा त्या उत्तम रीतीने उतरल्या. मग पुण्यास ट्रेनिंग कॉलेज, नाशिक जिल्ह्यात खेड्यातली नोकरी, पुढे पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका. दिवसा शिकवायचे आणि रात्रीच्या शाळेत स्वतः शिकायचे, असे करून १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. ह्या सगळ्या खटाटोपातून मिळालेली पुण्याची चांगली नोकरी सोडून पस्तिसाव्या वर्षी त्या ताराबाईंबरोबर बोर्डीस आल्या, आणि पुढची सत्तेचाळीस वर्षे त्यांनी त्याच मुलखात काढली.

बोर्डीस बालवाडी निघाली. गावातली मुले येऊ लागली. पण हरिजनवाड्यातली आणि आदिवासी पाड्यांवरची मुले येईनात. दोघी बायांनी वाट पाहिली, निरोप धाडले, तरी येईनात. लांबचे अंतर, अंगावर वस्त्र नाही, उच्चवर्णीयांच्या मुलांशेजारी बसण्याची भीती, आणि कडेवरची भावंडे, अशी अनेक कारणे होती. तेव्हा ताराबाईंनी ठरविले की मुले शाळेकडे येत नाहीत, तर शाळाच मुलांकडे न्यावी. पाड्यावर जाऊन एखाद्या घरापुढच्या सारवलेल्या अंगणात किंवा झाडाच्या सावलीत मुले गोळा करावयाची आणि तेथेच वर्ग भरवावयाचा. गावातली ती 'मध्यवर्ती बालवाडी' आणि ही अंगणात भरणारी ती 'अंगणवाडी'. असा हा शब्द जन्मास आला.

पहिल्या दिवसांत शिकविणे दूरच राहिले. खरूज, नाकातून वाहणारा शेंबूड, केसांत उवा, अशी मुले. त्यांना आंघोळ घालावी, नखे काढावी, केस विंचरावे, खरजेला औषध लावावे, हीच पहिली इयत्ता. शिकलेल्या ब्राह्मण बायका वारल्यांच्या पोरांना न्हाऊ घालताहेत, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आयांना आधी संशय वाटला असेल. पण आपल्या मुलाला मायेने न्हाऊ घालणारी बाई कोणत्या आईला फार दिवस परकी वाटेल? जे काम नुसत्या उपदेशाने झाले नसते ते गडवाभर पाण्याने झाले.

महागड्या साधनांचे काय केले? तीही अंगणातच सापडली. समुद्रावरचे शंख-शिंपले मोजायला, चिंचोके आणि बिया लहानमोठ्या निवडायला, झाडांची पाने आकार ओळखायला, काड्या मांडायला, माती वळायला, बांबूचे तुकडे ओळीने रचायला. मुलाने डोळ्याने पाहावे, हाताने चाचपावे, मनाने ताडावे, हा माँटेसोरीबाईंचा हेतू तसाच राहिला आणि खर्च मात्र जवळजवळ काहीच उरला नाही. आपण घरी पोरांना तांदूळ निवडायला किंवा वाटाण्याच्या शेंगा सोलायला बसवतो, तेव्हा नकळत हेच करीत असतो.

१९५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आता चहूकडे वारल्यांचेच पाडे होते, आणि लहान मुलांबरोबर मोठ्या मुलांच्या शाळेचाही प्रश्न समोर आला. कडेवर भावंड घेऊन आलेल्या मुलीला वर्गात कसे बसवायचे? इतर शाळांत अशा मुलीला 'ते पोर घरी ठेवून ये' असे सांगितले जाई, आणि ती पोराबरोबर स्वतःही घरी राही. कोसबाडला त्यांनी निराळे केले. तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्याहून मोठ्यांसाठी बालवाडी आणि थोरल्यांसाठी प्राथमिक शाळा, ही तिन्ही एका जागी आणली. बहिणीने भावाला पाळणाघरात ठेवावे, मधल्याला बालवाडीत सोडावे आणि आपण पाटी घेऊन वर्गात बसावे. मधल्या सुटीत भावाला पाहून यावे. ह्या योजनेला 'विकासवाडी' असे नाव दिले. मला विचाराल तर मुलींच्या शिक्षणासाठी केलेल्या कित्येक भाषणांपेक्षा हे पाळणाघर मोलाचे आहे.

राहिला गुराखी मुलगा. त्याच्या मागे कुरणात जावे लागणार होते. तेव्हा शिक्षक गुरांच्या मागोमाग कुरणात जाऊ लागले आणि 'कुरणशाळा' सुरू झाली. गुरे चरताहेत, मुले झाडाखाली बसली आहेत. गुरे मोजून अंकगणित, झाडे-पाखरे पाहून निसर्गाचे ज्ञान. मुलाला मजुरी आणि शाळा ह्यांतले एक निवडायला लावले असते तर त्याने पोटापायी मजुरीच निवडली असती. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्गही चालविले. घंटा वाजली की मुलांनी यावे, अशी आपली समजूत. कोसबाडला मुलांच्या दिवसाचा क्रम पाहून घंटा वाजविली जाई.

ह्या कामात यश सहज मिळाले असे मात्र समजू नये. पैशांची नेहमी ओढाताण, पावसाळ्यात वाटा बंद, मुले आज येत तर उद्या न येत. ताराबाई कोसबाडला आल्या तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे होते. सरकारने १९६२ साली त्यांना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. त्यांच्यामागे सर्व भार अनुताईंवर आला. अनुताई १९६१ साली, पन्नाशी उलटल्यावर, बी. ए. झाल्या होत्या. एकीकडे पाड्यांवरचे काम आणि एकीकडे स्वतःचा अभ्यास! १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचे आत्मचरित्र मंडळाच्या वाचनालयात अवश्य असावे, अशी माझी सूचना आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. आरंभी देशभरात ३३ ठिकाणी ती निघाली. गरोदर बायका, बाळंतिणी आणि सहा वर्षांखालील मुले यांचा आहार, लस, तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण असे तिचे स्वरूप आहे, आणि तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' म्हणतात. आज काश्मीरपासून केरळपर्यंत हा मराठी शब्द चालतो. पुढे आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवरील मजुरांच्या मुलांसाठी विधायक संसद ह्या संस्थेने 'भोंगा शाळा' काढल्या, त्यांतही कुरणशाळेचाच विचार दिसतो. आईबाप जेथे कामाला, तेथे शाळा. आणि २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ हा शिक्षणाचा पाया धरून अंगणवाडीची तीन वर्षे त्यात घेतली आहेत. ताराबाईंनी हेच सांगण्यात आयुष्य वेचले होते.

भगिनींनो, एवढे सांगून थांबले तर हा नुसता गुणगौरव होईल, म्हणून आपल्या शहराविषयी दोन शब्द. येथे आता भातशेती राहिली नाही, कुरणेही राहिली नाहीत. परंतु कडेवर भावंड घेतलेली मुलगी नाहीशी झाली आहे काय? उंच इमारतींचे बांधकाम चाललेले असते तेथे पत्र्याच्या खोपटांपुढे ती दिसते. नाक्यावर सकाळी कामाच्या आशेने उभ्या असलेल्या मजुरांबरोबर दिसते. आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईची थोरली मुलगी आठवड्यातून दोन दिवस शाळेत जात नाही, तेव्हा धाकटे आजारी असते. आपण म्हणतो, 'ह्या लोकांना शिक्षणाची किंमत नाही.' ऐंशी वर्षांपूर्वी हेच वाक्य वारल्यांविषयी लोक म्हणत होते. ताराबाई-अनुताईंनी ते मानले नाही. मूल का येत नाही, हे त्यांनी पाड्यावर जाऊन पाहिले, आणि मग एकेक अडचण दूर केली.

आपल्या हाती काय आहे, असे कोणी विचारील. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. म्हणजे शाळेच्या कारभारात आईला बसण्याची जागा कायद्यानेच दिली आहे. ज्यांची मुले अशा शाळांत आहेत त्या भगिनींनी समितीच्या सभेस जावे, नुसती सही करून परत येऊ नये. कोणत्या वर्गातली कोणती मुलगी महिनाभर आली नाही आणि का आली नाही, एवढे एक विचारावे. ज्यांची मुले मोठी झाली आहेत त्यांनी आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीत महिन्यातून एकदा जाऊन सेविकाताईंना काय हवे ते पाहावे. एक गोष्ट सांगावी, दोन गाणी म्हणावी, चिंचोके-शिंपल्यांची एक पिशवी न्यावी. त्यासाठी कोणतीही पदवी लागत नाही. आपल्या हळदीकुंकवाच्या वाणात दरवर्षी प्लास्टिकचे डबे वाटतो; एखाद्या वर्षी ती रक्कम एखाद्या बांधकामावरच्या मुलांच्या पाट्या-पुस्तकांकडे वळवता येईल.

मंडळाच्या पुढच्या सभेत ह्यांपैकी एक तरी काम अंगावर घ्यावे आणि कोणत्या अंगणवाडीत कोणी कोणत्या वारी जावयाचे ते वहीत लिहून काढावे, अशी माझी विनंती आहे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्या वहीचा हिशेब छापता आला तर फार बरे होईल.